शांत किनाऱ्यावर सहकुटुंब तंबू: जागा, तिथी आणि तयारी

शुभ्रफेस

नमस्कार मंडळी,

येत्या सुट्टीत एक-दोन रात्री समुद्रकिनारी तंबू ठोकून राहायचं घरात पक्कं झालंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण यायचा सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच आहे. किनारा निवडलाय तो अगदी शांत. दुकानं नाहीत, बोटींचे खेळ नाहीत, जीवरक्षक नाहीत, रात्री दिवेसुद्धा नाहीत. नाव इथे मुद्दाम देत नाही. नाव चार ठिकाणी फिरलं की किनारा शांत राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

डोंगरात तंबूत राहिलोय, वाळूवर कधीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते असं की सकाळी तंबूची चेन उघडली की समोरच पाणी. नवऱ्याला पौर्णिमा हवी आहे. मला अमावास्या, कारण लेकीला आकाशगंगा बघायची आहे. जागा कुठे धरावी, कधी जावं, काय न्यावं, मुलांना पाण्यात किती सोडावं, सुचेल ते सांगा.

---

भरतीओहोटी

ताई, बेत छान आहे. पण आधी तिथीचं बघा, बाकी सगळं त्यानंतर.

पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही उधाणाच्या तिथी. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि भरतीचं पाणी सगळ्यात वर चढतं, ओहोटीला सगळ्यात लांब जातं. खरं उधाण तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेलाही सुटका नाही. उलट अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य काटकोनात असतात तेव्हा भांग. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, आणि इथेही परिणाम एक-दोन दिवस मागून दिसतो.

तेव्हा माझं ऐकाल तर वद्य नवमी-दशमी धरा. भांगाची भरती असल्यामुळे किनाऱ्यावर रुंद कोरडी जागा मिळते. शिवाय चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो, म्हणजे मुलं जागी असतात ती सगळी संध्याकाळ आणि रात्रीचा पहिला प्रहर पूर्ण काळोखाचा. लेकीला आकाशगंगा बघायला अमावास्येची गरजच नाही. साहेबांना चांदणं हवंच असेल तर शुद्ध नवमी-दशमी. अर्ध्याहून मोठा चंद्र संध्याकाळपासून डोक्यावर, आणि तो मावळला की पहाटे तारे.

हे ढोबळ गणित झालं. प्रत्येक किनाऱ्याची भरती वेगळी असते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीत 16 मीटरपर्यंत फरक पडतो, तर भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो अगदीच थोडा असतो. काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते. त्यामुळे तुमच्या किनाऱ्याला जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक घ्याच.

---

शुभ्रफेस

भरतीओहोटी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. वद्य दशमीवर घरात एकमत होईल असं दिसतंय. पाणी नक्की कुठवर येणार, हे तिथे उभं राहून कसं ओळखायचं?

---

भरतीओहोटी

वाळूवर रेघा असतात. सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा, दुर्दैवाने आता प्लास्टिकही. शेवटच्या भरतीची रेघ ओलसर आणि ताजी असते. तिच्या वर आणखी एक जुनी, वाळून पांढरी पडलेली रेघ सापडते, ती मागच्या उधाणाची. तंबू त्या जुन्या रेघेच्याही वर. त्याहून खात्रीची खूण म्हणजे मर्यादवेल. जांभळट फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची ती वेल जिथे पसरलेली असते तिथवर नेहमीचं पाणी पोचत नाही. फक्त वेलीवर तंबू ठोकू नका, वाळू तीच धरून ठेवते. तिच्या मागे मोकळी, सपाट जागा बघा.

दुसरं, भरती सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं जातात. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच पाणी चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, शेवटी एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. तीन मीटरची भरती असेल तर तिसऱ्या तासात पाऊण मीटर. किनारा अगदी उतरता-उतरता सपाट असेल, 50 मीटरला एक मीटर असा, तर त्या एका तासात पाण्याची कड 37 मीटर आत सरकते. पहिला तास बघून "पाणी काही फार येत नाही" असं म्हणत लोक खडकांपलीकडच्या छोट्या पुळणीवर चटई टाकून बसतात, आणि परतायची वाट त्या मधल्या तासांत बंद होते. शांत किनाऱ्यावर हाक मारायला कोणी नसतं. खडकांना वळसा घालून पलीकडे जायचंच असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघा आणि पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा.

भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, हेही लिहून ठेवा. पहिल्या दिवशीचं घड्याळ दुसऱ्या दिवशी चालत नाही.

---

डोंगरवेडा

तंबूबद्दल मी लिहितो.

डोंगरातल्या बारीक लोखंडी मेखा घरीच ठेवा. कोरड्या वाळूत त्या हाताने उपटता येतात, वाऱ्याचं तर विचारूच नका. कापडी पिशव्या न्या. वाळू भरायची, तोंड बांधायचं, तंबूची दोरी पिशवीला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरून वरची वाळू पायाने दाबून बसवायची. पिशव्या कमी पडल्या तर जाडसर काठी आडवी पुरा, दोरी काठीच्या मध्यावर, आणि काठी ओढीच्या दिशेला आडवी. असा पुरलेला नांगर जोराच्या वाऱ्यातही सहसा जागचा हलत नाही. निघताना सगळ्या पिशव्या उकरून रिकाम्या करून परत आणायच्या, एकही वाळूत ठेवायची नाही.

वारा दिवसातून दिशा बदलतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. तोच जास्त जोराचा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून तंबूची बुटकी, निमुळती बाजू समुद्राकडे ठेवा आणि दार आडोशाला. ताई, चेन उघडल्यावर समोर पाणी हे तुमचं स्वप्न मला कळतं, पण दार थेट समुद्राकडे केलंत तर दुपारभर वाळू तंबूत. दोन दारांचा तंबू असेल तर समुद्राकडचं दार फक्त सकाळी उघडा. त्या वेळी वारा पडलेला असतो.

रात्री दव पडतं. वरच्या कव्हरच्या खिडक्या बंद केल्या तर सकाळी आतून पाणी ठिबकतं, त्या थोड्या उघड्याच असू द्या.

आणि शेकोटी हवीच. शेकोटीशिवाय किनाऱ्यावरची रात्र मला अपुरी वाटते. समुद्राने आणून टाकलेली लाकडं असतातच.

---

रानपाखरू

शेकोटीच्या मुद्द्यावर माझं ठाम वेगळं मत आहे.

वाहून आलेलं लाकूड कोणाच्या उपयोगाचं नाही असं वाटतं, पण त्याच्या आडोशाला वाळू साठते, बारीक जीव राहतात, पक्षी तिथे चरतात. शिवाय किनारा कासवांच्या विणीचा असेल तर पेटलेली शेकोटी म्हणजे पिल्लांचा काळ. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे क्षितिज जास्त उजळ, तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. आग किंवा पांढरा दिवा दिसला की ती जमिनीकडे फिरतात, दमतात, खेकड्यांच्या तावडीत सापडतात. मी विणीच्या हंगामात किनाऱ्यावर रात्री काम केलंय, उलट्या दिशेने गेलेल्या त्या बारीक पावलांचा माग पाहून फार वाईट वाटतं.

शुभ्रफेस, जाण्याआधी तिथल्या लोकांना किंवा वनखात्याला विचारा, हा विणीचा काळ आहे का, आणि तंबूला परवानगी आहे का. विणीचा काळ असेल तर लाल उजेडाचा डोक्यावरचा दिवा वापरा, तोही जमिनीकडे वळवून. कासवीण वर येताना दिसली तर जागच्या जागी बसून राहा, दिवे बंद, फोटो नाही. ती घाबरली तर अंडी न घालताच परत फिरते. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं घरट्यातून बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे माद्या येऊन गेल्यावरही वाळूखाली जीव असतोच. तंबूची मेख नेमकी कुठे जाते याचा विचार म्हणूनही करायचा.

---

डोंगरवेडा

रानपाखरू, पिल्लांचं पटलं. विणीच्या किनाऱ्यावर शेकोटी नाही, हे मान्य. पण जिथे वीण नाही आणि परवानगी आहे, तिथे पत्र्याच्या शेगडीत छोटी आग करायला हरकत नसावी. शेगडी असली की वाळूत काही राहत नाही.

---

बालवैद्य

शेकोटी केलीच तर विझवण्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण भाजलेली मुलं मी पाहते. आगीवर वाळू लोटू नका. वाळू वरून गार दिसते पण आतले निखारे तासन् तास धगधगत राहतात, कारण उष्णता वाळूखाली कोंडून राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी पळणारं मूल नेमकं तिथेच पाय देतं. भरपूर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, हाताच्या पंजाने जवळून बघा, ऊब लागत असेल तर आणखी ओता.

शेगडी, कोळसा, गॅसचा स्टोव्ह यांपैकी काहीही तंबूत किंवा तंबूच्या पडवीत पेटवायचं नाही. पाऊस आला, थंडी वाजली, तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

बाकीचं जरा वेळाने सविस्तर लिहिते.

---

दोन_पिल्लांची_आई

सगळे प्रतिसाद मोलाचे आहेत. पण शुभ्रफेसच्या घरातली मंडळी हा धागा वाचून घरीच बसतील, असं व्हायला नको, म्हणून मी दुसरी बाजू लिहिते.

आम्ही मुलं अगदी लहान असल्यापासून शांत किनाऱ्यांवर राहतो. खेळणी नेऊ नका. बादली, एक फावडं, एक भिंग पुरे. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर चिमुकले खेकडे बाहेर येतात, वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती रचत जातात. पाहता पाहता सगळा किनारा नक्षीने भरतो, आणि भरती ती पुसून टाकते. माझी दोघं एकेका बिळापाशी पालथी पडून ते बघत बसतात. चार वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठी करमणूक मला ठाऊक नाही. रात्री पांढरट, लांब डोळ्यांच्या देठांचे खेकडे तिरके पळतात. बिळाकडून दूर बसून न हलता थांबलं की ते अगदी जवळ येतात.

काळोख असेल आणि नशीब असेल तर पाण्यात निळा उजेड दिसतो. सूक्ष्म जीव असतात ते, पाणी ढवळलं की चमकतात. पायाने उथळ पाणी हलवून बघा.

सासूबाईंसाठी: कोरड्या वाळूत चालणं गुडघ्यांना फार जड जातं, पाय रुतून वळतो. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर त्या आरामात चालतील. म्हणून त्यांचा फेरफटका ओहोटीच्या वेळेवर ठेवा, सकाळच्या ओहोटीला तर उत्तमच. घडीची खुर्ची उंच बैठकीची आणि हातांची न्या, बुटक्या खुर्चीतून त्यांना उठवणार नाही. खुर्चीच्या पायांखाली लाकडी फळीचे तुकडे ठेवले की ती रुतत नाही. झोपायला जाड गादी किंवा घडीची खाट. वाळू मऊ असते हा गैरसमज आहे, अर्ध्या रात्री ती फरशीइतकी कडक लागते. झोपायच्या आधी कुशीची आणि कमरेची जागा हाताने जराशी खोलगट करून घ्या, मग वर अंथरूण.

---

शुभ्रफेस

दोन_पिल्लांची_आई, सासूबाईंना वाचून दाखवलं. ओहोटीच्या वेळा त्यांनी स्वतः वहीत उतरवून घ्यायच्या ठरवल्यात.

एक अडचणीचा विषय. शौचाचं काय करायचं? तिथे सोय नाही.

---

रानपाखरू

अडचणीचा नाही, सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे. डोंगरात आपण पंधरा-वीस सेंटीमीटर खड्डा करून माती लोटतो आणि ती व्यवस्था चालते, कारण मातीत कुजवणारे जीवाणू भरपूर असतात. वाळूत ते फारच कमी. पुरलेलं बरेच दिवस तसंच राहतं, लाटा ते उघडं करतात, कागद तर उडतच फिरतो. कुटुंब दोन रात्री राहणार असेल तर बादलीचा फिरता संडास न्या: घट्ट झाकणाची बादली, वर बसायची सीट, आत जाड पिशवी आणि लाकडाचा भुसा. वापर झाला की मूठभर भुसा. पिशवी बांधून परत न्यायची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उकिडवं बसायला लागत नाही हा मोठा फायदा. आडोशाला छोटा उभा तंबू मिळतो, नाहीतर चार काठ्या आणि चादर.

भांडी समुद्रात किंवा ओढ्यात धुऊ नका. उष्टं आधी पुसून कचऱ्यात, मग थोड्या पाण्यात, तेही किनाऱ्यापासून लांब.

---

बालवैद्य

आता माझा उरलेला भाग.

पाणी. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, आणि शांत. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नसतो, हाक कुठून मारणार? म्हणून पाण्यात चार वर्षांचं मूल असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि त्या माणसाकडे दुसरं काहीही काम नाही, फोनही नाही. पाळ्या बोलून ठरवा: "आता तू बघतोयस ना?" "हो, मी बघतोय." घरात तीन मोठी माणसं असताना प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि प्रसंग तेव्हाच घडतात. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळे आणि पांढरे कपडे पाण्याखाली दिसेनासे होतात.

फुगवायचे हंस, गाद्या, चाकं घरी ठेवा. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तेव्हा पाणी काचेसारखं शांत दिसतं आणि फुगवलेली वस्तू मुलासकट सरळ आत जाते. पोहून तिचा पाठलाग होत नाही. त्याऐवजी अंगावर बसणारं जीवरक्षक जाकीट.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. घरातल्या निदान एका मोठ्या माणसाने हे निघण्याआधी प्रशिक्षण घेऊन शिकावं. एवढ्या दूरच्या ठिकाणी मदत येईपर्यंत तुम्हीच असता.

ऊन. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस 25 टक्के अतिनील किरण परत फेकतात, त्यामुळे छत्रीखालीही ऊन लागतं. विरळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत किरण खाली येतात. लांब बाह्यांचे कपडे, मानेवर कापड असलेली टोपी, सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. दुपारी तापलेल्या वाळूने लहान पायांना फोड येतात, चप्पल सक्तीची. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला चार लिटर गोडं पाणी धरा, धुण्याचं वेगळं.

जेलीफिश. डंख झाला तर वाळूने घासू नका, गोडं पाणी ओतू नका, लघवीचा उपाय तर नकोच. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने धागे काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 40 ते 45 अंश, वीसेक मिनिटं. आधी आपल्या हातावर पाणी तपासा. पाकटाच्या काट्यालाही गरम पाणीच, आणि मग डॉक्टर. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चाललं की पाकट आधीच निघून जातं. निळसर फुग्यासारखा दिसणारा, किनाऱ्यावर येऊन पडलेला पोर्तुगीज मॅन ओ वॉर मेलेला असला तरी डंखतो. मुलांना हात लावू देऊ नका.

श्वास लागणं, चेहरा सुजणं, सारखी उलटी, यांपैकी काही दिसलं की घरगुती उपाय थांबवून थेट दवाखाना.

---

भरतीओहोटी

बालवैद्य, फार नेमकं लिहिलंत. रिप करंटबद्दल मी पुरवणी जोडतो, कारण जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त धोका त्याचाच.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत जातं. ही वाट बाहेरून ओळखता येते: दोन्हीकडे फेसाळत्या लाटा फुटतायत आणि मधला एक पट्टा गडद, गुळगुळीत, लाटाच नसल्यासारखा. लोक मुलांना घेऊन नेमके तिथे उतरतात, कारण तिथे पाणी शांत वाटतं. पाण्यात जाण्याआधी थोड्या उंचावर उभं राहून निदान दहा मिनिटं लाटा बघा. हा वेळ कोणी काढत नाही, पण खरी राखण याच दहा मिनिटांत होते.

सापडलंच कोणी, तर तो प्रवाह खाली खेचत नाही, आत वाहून नेतो. त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, ऑलिम्पिकमधला पोहणाराही त्याच्या विरुद्ध पोहून जिंकणार नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. काठावरच्या माणसाने मागे उडी मारू नये, वाचवायला गेलेलेच पुष्कळ वेळा बुडतात. रिकामा कॅन, बूच लावलेली मोठी बाटली, थर्माकोलचा डबा, तरंगेल ते फेका. तंबूपाशी लांब दोरी बांधलेला एक रिकामा कॅन कायम तयार ठेवा.

---

निवृत्त_मास्तर

आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणून राहवत नाही.

26 डिसेंबर 2004 रोजी थायलंडमधल्या फुकेत इथल्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडील आणि बहिणीबरोबर सुट्टीवर होती. पाणी बुडबुडतंय, फेसाळतंय, विचित्र आत-बाहेर होतंय हे तिच्या लक्षात आलं. दोनच आठवड्यांपूर्वी वर्गात त्सुनामीचा धडा झाला होता. तिने घरच्यांना हट्टाने सांगितलं, वडिलांनी हॉटेलच्या रखवालदाराला सांगितलं, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसं वाचली.

तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला निघण्याआधी एवढं सांगा: जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, समुद्र अचानक भलताच मागे गेला, किंवा समुद्राकडून गडगडाट आला, तर कोणाला विचारत न बसता उंच जागी पळायचं, आणि काही तास खाली यायचं नाही. पहिल्या लाटेनंतरच्या लाटा मोठ्या असू शकतात. पोचल्या दिवशी ती उंच जागा कोणती, तिथे जायची वाट कुठली, हे मुलांना चालत नेऊन दाखवा. आजींचा वेग धरून वेळ बघा.

विजांचंही सांगून ठेवतो. सपाट किनाऱ्यावर उंच वस्तू म्हणजे माणूस आणि तंबूचे खांब. तंबू विजेपासून वाचवत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. पण खरं तर गडगडाट ऐकू आला की मोजत बसू नये, गाडीत जाऊन काचा लावाव्यात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं. तेव्हा गाडी तंबूपासून फार लांब ठेवू नका.

---

दोन_पिल्लांची_आई

मास्तर, मुलांना सोबत घेऊन वाट दाखवायची ही गोष्ट फार आवडली. धोक्याबद्दल मुलांशी असं बोललं की ती घाबरत नाहीत, उलट जबाबदारीने वागतात.

खड्ड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. मुलं वाळूत विहीर खणतात. घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खणू देऊ नका, आणि बोगदा तर नाहीच. वाळूची बाजू काहीही चाहूल न देता ढासळते, आणि आत अडकलेल्या मुलाला काढताना पुन्हा वाळू आत येत राहते. संध्याकाळी सगळे खड्डे बुजवा. रात्री कोणी पडायला नको, कासवीणही त्यात अडकते.

---

रानपाखरू

खड्डे बुजवण्याला पूर्ण अनुमोदन.

---

शुभ्रफेस

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे, शिवाय छापूनही घेतलंय. आमचं ठरलं ते असं: वद्य दशमी, तंबू मर्यादवेलीच्या मागे, शेकोटी नाही, बादलीचा संडास, आणि किनाऱ्याला दिवसा उजेडी, दुपारच्या आत पोचायचं म्हणजे रेघा आणि लाटा नीट बघता येतील. फोनला तिथे रेंज नाही. परत किती वाजेपर्यंत फोन येईल आणि नाही आला तर कोणाला कळवायचं, हे बहिणीला लिहून देतेय.

शेवटचा प्रश्न: वाळू. तंबूत, अंथरुणात, मुलांच्या अंगाला. आणि परत आल्यावर तंबूचं काय?

---

डोंगरवेडा

दाराबाहेर एक चटई, तिच्याशेजारी पाय बुडवायला उथळ टब, आत फक्त धुतलेले पाय. दाराशी लहान कुंचा बांधून ठेवा. ओली वाळू झाडायला जाऊ नका, ती घासली जाते आणि कापड खरवडते. ती आधी सुकू द्या, मग झटकली की आपोआप पडते. अंगाची वाळूही तशीच, कोरडं अंग करून मक्याचं पीठ लावून पुसलं की निघते.

घरी आल्यावर त्याच दिवशी तंबू गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर खांबांचे सांधे गंजतात आणि चेनचे दात झिजतात, पुढच्या वेळी ती मधेच उघडते. चेन मऊ ब्रशने घासून, सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी. खांबांचे तुकडे सुटे करून आतली वाळू ठोकून काढा. दोऱ्यासुद्धा धुवायच्या, त्या वाळल्यावर मिठाने कडक होतात आणि गाठ नीट बसत नाही.